अकरा नंबरची भट्टी

१

तळघरात अठरा भट्ट्या होत्या. माणसाच्या छातीइतक्या उंचीवर बसवलेली जाड नळकांडी, दोन रांगांत नऊ-नऊ. प्रत्येकीच्या पोटात पेन्सिलीएवढी एक धातूची कांडी, वरून आणि खालून घट्ट पकडलेली. ती लाल होईपर्यंत तापवायची, दांडीच्या टोकाला टांगलेल्या ताटात वजनं रचून तिला ताण द्यायचा, आणि ती रोज किती लांबते ते लिहीत बसायचं. महिना, दोन महिने, कधी वर्षभर. विमानाच्या इंजिनातली चाकं ज्या धातूची बनतात, तो धातू आगीत आणि ओझ्याखाली किती तग धरतो, ते इथं ठरायचं. कामाचं नाव बोर्डावर दोन ओळी भरून लिहिलेलं होतं. करणारी मात्र एकच बाई होती.

प्रयोगशाळेत तिला सगळे भट्टीबाई म्हणत. भट्ट्या सांभाळायची म्हणून, असं तोंडावर सांगत. खरं कारण तिचा राग. बावन्न वर्षांची झाली तरी तिच्या नाकावरचा राग खाली उतरला नव्हता. घरी मात्र ती अजून धाकटीच होती. थोरल्या बहिणीच्या तोंडून 'धाकटे' अशी हाक आली की ती बावन्नाची बारा वर्षांची व्हायची. हाक येत होती तोवर.

सकाळी दहा आणि दुपारी चार. दहाला खाली उतरायचं, एक नंबरपासून सुरुवात करायची, काट्याकडे सरळ नजरेनं बघायचं, वहीत आकडा टाकायचा, पुढं सरकायचं. कांडी दिवसाला तीन मायक्रॉन लांबते, कधी चार. मायक्रॉन म्हणजे एका केसाच्या जाडीचे सत्तर तुकडे केले तर त्यातला एक. धाकटीला तो एक तुकडा डोळ्यांनी दिसायचा नाही, पण काटा किंचित हलला नसला तरी तिला ते अंगात कळायचं. हे तिला भाऊजींनी शिकवलं होतं. ताईचे यजमान. या नोकरीत तिला आणलं तेही त्यांनीच.

त्या दिवशी दहा वाजता तिनं अकरा नंबरचा काटा बघितला, वहीतला कालचा आकडा बघितला, आणि पुन्हा काटा बघितला.

काल एकसष्ट होता. आज अठ्ठावन्न.

ओझ्याखाली लटकलेली, तापून लाल झालेली कांडी तीन मायक्रॉननं आखडली होती.

२

अकरा नंबरमधली कांडी साधी नव्हती. ती भाऊजींना मारणाऱ्या चाकातून कापलेली होती.

अंगणापलीकडच्या इमारतीत एक पोलादी विहीर होती. इंजिनाचं चाक, ज्याला सगळे डिस्क म्हणत, त्या विहिरीत उलटं टांगायचं, वरून झाकण लावायचं, आतली सगळी हवा शोषून घ्यायची आणि मग ते मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेऱ्यांपर्यंत फिरवायचं. टिकलं तर उत्तम, फुटलं तर विहिरीतच फुटेल. सव्वीस वर्षं ती विहीर भाऊजींनी चालवली. अकरा महिन्यांपूर्वी विहिरीवरचा कॅमेरा बंद पडला होता, दोन आठवडे कुणी दुरुस्त करायला आलं नव्हतं. साहेब म्हणाले, "ठीक आहे, आजच्या दिवस खिडकीतून बघा." भाऊजी म्हणाले, "बघतो." खिडकी म्हणजे हाताच्या पंजाएवढी जाड काच. डिस्कचा एक तुकडा बरोबर त्या काचेतून बाहेर आला.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं गेलं, चालकानं नियम मोडून खिडकीजवळ उभं राहून, परवानगी न घेता फेरे वाढवले. साहेबांचा शब्द तोंडी होता, आणि तोंडी शब्दाला चौकशीत कान नसतात. कॅमेऱ्याची तक्रार केलेला कागदही सापडला नाही. सव्वीस वर्षांत एकदाही काट्याच्या पुढं न गेलेला माणूस मेल्यावर बेजबाबदार ठरला.

आता अहवालाला एकच टेकू हवा होता. धातू चांगला होता, दोष माणसाचा होता, हे सिद्ध करायचं होतं. म्हणून फुटलेल्या डिस्कच्या उरलेल्या तुकड्यातून कांडी कापली, आणि ती भट्टीबाईकडे आली. हजार तास टिकली तर धातू निर्दोष. म्हणजे बेचाळीस दिवस. त्याच ओतकामातल्या, म्हणजे त्याच वितळवलेल्या धातूच्या, तेरा डिस्क आधीच इंजिनांत बसून बाहेर गेल्या होत्या, त्याही निर्दोष.

तिला नाही म्हणता आलं असतं. साहेबांनी मऊ आवाजात विचारलंही होतं, "तुम्हाला जड जाईल का?"

"माझ्याच हातानं लावते," ती म्हणाली होती. कारण तिला ती कांडी तुटताना बघायची होती. हजाराच्या आत, तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या वहीत.

३

कांडी आखडायला एकच साधं कारण असतं. भट्टी थंड झाली. धाकटीनं तापमानाची तार तपासली, मग दुसरी तार घालून ताडून बघितलं. दोन्हींचा आकडा एक. मग तिला वाटलं, काट्याची पकड घसरली असेल. तिनं काटा बदलला. नवा काटा दोन दिवस नीट चालला आणि तिसऱ्या दिवशी पाच मायक्रॉन मागं आला. मग तिनं जमिनीवर पाणसळ ठेवून ती समतल आहे का बघितलं, शेजारच्या खोलीतला पंप बंद ठेवायला लावला, दांडी जिच्यावर तोलते ती धार भिंग लावून तपासली. बाकीच्या सतरा भट्ट्या शहाण्या मुलींसारख्या आपापल्या कांड्या लांबवत होत्या.

तिसाव्या दिवशी तर मायक्रॉनची गरजच उरली नाही. ताटाच्या खाली रबराची जाड गादी असते, कांडी तुटून वजनं पडली तर जमीन फुटू नये म्हणून. ताट आणि गादी यांच्यात पहिल्या दिवशी तिचं एक बोट मावलं होतं. आता दोन मावत होती. चाळीस किलोची वजनं घेतलेलं ताट वर जात होतं.

ती उकिडवी बसून त्या फटीकडे बघत राहिली. ताट वर जायला कुणीतरी जोर लावावा लागतो. वजन आपणहून उचललं जात नाही. ती हे स्वतःला दोन-तीनदा सांगून उठली आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली, कारण तिला समोर साहेबांचं तोंड दिसत होतं. ते आता काय म्हणणार, तेही ऐकू येत होतं.

४

"ठीक आहे," साहेब म्हणाले.

त्यांना पाठीमागं सगळे ठीकाय साहेबच म्हणत. उंच आवाजात बोलताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. कुणाचा गळा कापायचा असला तरी ते आधी खुर्ची देत.

"ठीक कसं आहे? कांडी आखडतेय. ताट वर चाललंय. असं होत नाही."

"काट्यात काहीतरी असेल."

"काटा तीनदा बदलला."

"मग हे बघा." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "लांबत नाहीये, हे तर खरं ना? आपला प्रश्न काय होता? हजार तासांत किती लांबते. उत्तर, लांबत नाही. वाढ नगण्य. एवढंच लिहू."

"आखडतेय ते?"

"ते लिहिलं तर लोक तुमच्या कामावर शंका घेतील, बाई. पंचवीस वर्षांचं काम तुमचं. कशाला?"

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली होती. आणि तो राग साहेबांवरच होता असंही नव्हतं. ही कांडी तुटायला हवी होती. सगळा जीव तिनं त्या तुटण्यावर लावला होता. आणि तुटायचं सोडून ती साहेबांच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती.

"मी नगण्य लिहिणार नाही," ती म्हणाली. "माझ्या वहीत जे दिसलं ते आहे. तुम्हाला काय लिहायचं ते तुमच्या वहीत लिहा."

"ठीक आहे," साहेब म्हणाले.

५

चहाच्या कोपऱ्यात जिराफ भेटला. भाऊजींनंतर विहीर त्याच्याकडे आली होती. दारातून वाकून यायचा म्हणून जिराफ. तिशीचा, गरीब स्वभावाचा. भाऊजींची जुनी खुर्ची त्यानं बदलली नव्हती आणि तिच्यावर बसतही नव्हता, स्टूल आणून बाजूला बसायचा. धाकटीला त्याच्यावर रागावता यायचं नाही, याचाही तिला राग यायचा.

"बाई, तुमचं काय चाललंय अकरा नंबरचं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"भिंतींनी." तो हसला आणि मग हसू आवरून म्हणाला, "माझंही डोकं चालेनासं झालंय. त्याच ओतकामातली चौदावी डिस्क घेतलीय फिरवायला. साहेबांना अहवालाला जोडायचीय. दोन आठवडे झाले, बारा हजारांच्या वर जातच नाही."

"मोटर बघ."

"मोटर बदलली. बेअरिंग दोनदा बदललं. आत हवा नाही, काही नाही, अडवणार काय? वेग वाढवला की मोटर तापते. कुणीतरी कडेनं धरून ठेवल्यासारखी." त्यानं कप ठेवून दोन्ही हात पुढं केले, अदृश्य चाक धरल्यासारखे. "अशी."

"मग नको फिरवू."

"मी म्हटलं साहेबांना. ते म्हणाले, ठीक आहे, आणखी ताकद लावून बघा."

"आणि तू काय म्हणालास?"

जिराफानं खाली बघितलं. "म्हटलं, बघतो."

धाकटीनं कप इतक्या जोरात ठेवला की चहा सांडला. "लिहून घे," ती म्हणाली. "जे काय सांगतील ते कागदावर लिहून घे. सही घे. तुमच्या जातीच्या माणसांना तोंड दिलंय कशाला देवानं?"

"तुमच्या जातीच्या म्हणजे?"

"हो म्हणणाऱ्या," ती म्हणाली आणि निघाली. मोटरचं ती त्याच क्षणी विसरली.

६

भाऊजी गेल्यापासून ताई तिच्याकडेच राहत होती. एका घरात दोघी, आणि अकरा महिन्यांत बोलणं पंचवीस वाक्यांचंही झालं नसेल. ताईनं अबोला धरला नव्हता. तिला बोलायलाच काही सापडत नव्हतं. रोज संध्याकाळी ती खिडकीशी बसून धाकटीचे बूट दारात वाजायची वाट बघायची, आणि ते वाजले की तोंड फिरवायची. त्या बुटांना त्या जागेची धूळ होती.

त्या संध्याकाळी मात्र ताईनंच विचारलं. "किती दिवस राहिले?"

"एक. उद्या संपतंय."

"तुटली नाही."

"नाही."

"तुटायचीही नाही." ताई हातातलं फडकं घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. "तुझ्या भाऊजींनी उभ्या जन्मात काही सोडलं नाही. आपण चौथ्या मजल्यावर राहायला आलो तेव्हाचं लोखंडी कपाट आठवतं? हमाल दमून बसले तरी हे एकटे जिन्यात टोक धरून उभे. सालटी निघाली हाताची. मी म्हणत होते, टेकवा हो खाली. ऐकू आलं तर ना."

"आठवतं."

"साहेबानं सांगितलं, बघा. हे बघायला उभे. नाही म्हटलं असतं तर काय गेलं असतं? मला नाही म्हणायचे की." ताईचा आवाज चिरकला, पण डोळे कोरडे होते. "मला सगळ्याला नाही म्हणायचे."

ताट, फट, जिन्यातलं कपाट, असं एकापाठोपाठ एक धाकटीच्या डोळ्यांसमोरून गेलं. तिनं तो विचार झटकला. तो तिच्या धंद्याच्या माणसानं करायचा विचार नव्हता. वजनं, तारा, काटे. यातलं काहीतरी चुकत असणार.

पण अंथरुणावर पडल्यावर तिच्या लक्षात आलं, आपल्याला भीती वाटत नाहीये. आपल्याला राग येतोय. आणि कुणाचा, ते तिला माहीत होतं.

७

दुसऱ्या दिवशी चारला पाच मिनिटं कमी असताना ती खाली उतरली. पाच तास उरले होते हजाराला. साहेबांनी अहवाल टाइप करून ठेवला होता, फक्त तिच्या वहीची शेवटची ओळ यायची बाकी होती.

तळघरात नेहमीचाच आवाज होता, अठरा भट्ट्यांचा एकसारखा बारीक गुणगुणाट. अकरा नंबरच्या ताटाखाली आता तीन बोटं मावत होती.

भट्टीच्या बाजूला एक चीर होती, नखाएवढी, जाड काच लावलेली. पूर्वी त्यातून दुर्बिणीनं मोजायचे. काटे आल्यापासून वर्षानुवर्षं त्यातून कुणी बघितलं नव्हतं. धाकटीनं काळ्या काचेचा चष्मा चढवला, रुमालानं चिरेवरची काजळी पुसली आणि डोळा लावला.

आत नारिंगी उजेड होता. कांडी त्या उजेडात उभी, स्वतःही तशीच नारिंगी, तिच्या कडा मुश्किलीनं कळत होत्या. तिची नजर बसायला थोडा वेळ लागला. मग तिला दिसलं, कांडी सगळीकडे सारखी उजळत नव्हती. मधोमध काळसर पट्टे होते. तिथं काहीतरी गार टेकलं असावं तसे. एकाखाली एक, चार. आणि पलीकडच्या बाजूनं, थोडा वर, तिरपा, पाचवा.

काजळी असेल, तिला वाटलं. काचेवरचा डाग. तिनं मान हलवली. डाग काचेवर असता तर तोही हलला असता. तो हलला नाही. पोपडे धरले असतील कांडीला. पोपडे धरतात.

तेवढ्यात खालचा पट्टा सुटला, क्षणभर तिथली कांडी उजळली, आणि तो पुन्हा थोडा खाली टेकला. मग त्याच्या वरचा. मग त्याच्या वरचा. जड पिशवी फार वेळ धरलेला माणूस बोटं एकेक करून सरकवतो, तशी पकड बदलली गेली.

ती मागं सरली नाही. नंतर तिनं स्वतःला पुष्कळदा विचारलं, आपण पळालो का नाही. पण त्या वेळी तिच्या अंगात भीतीला जागाच नव्हती. अकरा महिने साठलेलं सगळं वर आलं होतं.

"तुम्ही होय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, दातांतून येत होता. "अजून यांचंच ओझं. तिकडे ताई खिडकीत बसून वाळत चाललीय. तुमच्या नावापुढं बेजबाबदार लिहिलंय, माहीत आहे का? आणि तुम्ही इथं त्यांचा धातू टिकवून धरताय. त्यांचा अहवाल टिकवून धरताय. कुणी सांगितलं? साहेबांनी? मेल्यावरही साहेबांनीच?"

पट्टे हलले नाहीत.

"माझं एक ऐका. जन्मात एकदा. सोडा, भाऊजी. आता तरी सोडा."

काहीच झालं नाही. नारिंगी उजेड, पाच काळे पट्टे. ती श्वास रोखून बघत होती. आणि तिला दिसलं, पकड उलट घट्ट झाली. पट्टे रुंद झाले. नको, असं कुणी मान हलवून सांगावं तसं ते ताट दांडीच्या टोकाशी किंचित डावी-उजवीकडे हललं. नंतर तिला आठवायचं ते नेमकं हेच. त्या वेळी तिला त्यात फक्त हट्ट दिसला. कपाटाचं टोक धरून उभ्या माणसाचा तो जुना, मुका, संताप आणणारा हट्ट.

"ताईची शपथ आहे तुम्हाला," ती म्हणाली. "सोडा."

खालचा पट्टा सुटला. दुसरा. तिसरा. चौथ्याला वेळ लागला. शेवटी वरचा तिरपा पट्टा एकटाच उरला, आणि तोही गेला.

कांडी टोकापासून टोकापर्यंत एकसारखी उजळली. सुंदर दिसत होती. मग तिच्या मधोमध कंबर बारीक होत गेली, आणि ती तुटली.

वजनं गादीवर कोसळली. पायाखालची जमीन हादरली. धाकटीच्या तोंडून सुटकेचा हुंकार निघाला, आणि तो निघता निघताच जमीन दुसऱ्यांदा हादरली. हा हादरा तळघरातला नव्हता. अंगणापलीकडून आला होता.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून सहा मिनिटं झाली होती.

८

जिराफ वाचला. उजवा हात कोपरापासून गेला. विहिरीच्या झाकणाचा बोल्ट, पहिल्या अपघातानंतर बांधलेल्या नवीन भिंतीतून आरपार आला होता. कॅमेरा चालू होता, जिराफ खिडकीजवळ नव्हता, सगळं नियमाप्रमाणे होतं. आणि साहेबांचा हुकूम त्यानं कागदावर घेतला होता, सहीसकट. धाकटीच्या सांगण्यावरून.

आठव्या दिवशी त्याला भेटायला दिलं. पांढऱ्या खोलीत तो पलंगाबाहेर पाय काढून झोपला होता, पलंग त्याला पुरत नव्हता. त्याची बायको धाकटीला खुर्ची देऊन पाणी आणायला बाहेर गेली.

"बाई, ते धरल्यासारखं होतं ना, सांगितलेलं तुम्हाला," तो म्हणाला.

"बोलू नकोस. दमशील."

"नाही, ऐका. त्या दिवशीही बाराच हजारांवर अडकली होती. साहेबांनी ताकद वाढवायला सांगितलं होतं, मी वाढवत होतो. मोटर पूर्ण ताकदीवर, तरी वेग वाढेना. मी बंदच करणार होतो, बटणावर हात नेला होता." त्यानं हात उचलायला खांदा हलवला आणि मग नसलेल्या हाताकडे बघितलं. "आणि सुटली. एकदम. बारावरून अठरा हजार, डोळ्याचं पातं लवायच्या आत. कुणीतरी सोडून दिल्यासारखी."

धाकटीनं त्याच्या पायावरची चादर नीट ओढली.

"काय सोडलं असेल, बाई?"

"बेअरिंग अडकलं असेल," ती म्हणाली. "तू झोप."

बाहेर येऊन ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. ती दातओठ खात होती. सांगायचं ना, भाऊजी, ती मनात म्हणत होती. काय धरलंय ते मला सांगायचं होतं. पण तिला ते ताट आठवलं, डावी-उजवीकडे हललेलं. त्यांनी सांगितलं होतं.

९

चौकशी पुन्हा उघडली. या वेळी कागद होता, आणि हजाराच्या पाच तास आधी तुटलेली कांडी होती. तिच्या तुटलेल्या तोंडावर भिंगाखाली ओतकामातलाच दोष दिसला, दाण्यादाण्यात पसरलेला. बाकीच्या चौदाही डिस्कमध्ये तोच असणार, असं तज्ज्ञांनी लिहिलं. ठीकाय साहेबांना घरी बसवलं. भाऊजींच्या नावापुढचं ते वाक्य अधिकृतपणे काढून टाकल्याचं पत्र आलं.

ताईनं पत्र उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. मग तोंड धुऊन आली आणि धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला, कितीतरी वर्षांनी.

"धाकटे, तू केलंस हे."

"मी काही नाही केलं."

"तुझ्याशिवाय कोण होतं त्यांचं तिथं?"

"ताई, मी त्यांना..." ती म्हणाली.

"काय?"

ताईचा चेहरा इतका हलका झाला होता की धाकटीला पुढचं बोलवेना. "काही नाही," ती म्हणाली. "चहा टाकते."

तेरा डिस्क परत मागवल्या गेल्या. महिन्याभरात नऊ आल्या. चार राहिल्या. त्या ज्या विमानांत बसल्या होत्या ती विमानं मोठ्या दुरुस्तीला उतरली की काढून घेऊ, असं उत्तर आलं. कधी उतरतील? तीन महिन्यांत, चार महिन्यांत. धाकटी नव्या साहेबांच्या खोलीत जाऊन टेबलावर मूठ आपटून आली. विमानं आजच उभी करा, म्हणाली. नवे साहेब तरुण होते, त्यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, इतके दिवस त्या चारही नीट चालल्यात," ते म्हणाले. "काही झालेलं नाही. मग आत्ताच काय होणार आहे?"

इतके दिवस का नीट चालल्या, हे ती त्यांना कसं सांगणार?

परत आलेल्या एका डिस्कमधून तिनं स्वतः कांडी कापून घेतली आणि अकरा नंबरमध्ये लावली. कुणी सांगितलं नव्हतं. ताटात चाळीस किलो रचले. भट्टी तापली. सकाळच्या दहाला ती समोर उभी राहिली, चारला पुन्हा. दुसऱ्या दिवशी तिनं काळा चष्मा लावला आणि चिरेला डोळा लावला. कांडी टोकापासून टोकापर्यंत एकसारखी नारिंगी होती.

"धरा, भाऊजी," ती म्हणाली.

गुणगुणाट चालू होता.

"चुकलं माझं. मला कळलं नाही. तुम्ही हो म्हणता म्हणून मी तुमच्यावर जन्मभर चिडले, आता एकदा माझ्यासाठी हो म्हणा. चारच राहिल्यात. तीन महिने फक्त. धरा."

ती डोळा न हलवता बघत राहिली. नारिंगी उजेडानं डोळ्याला पाणी आलं तरी बघत राहिली. कुठं डाग नाही, सावली नाही. ताटाखाली एक बोट मावत होतं. तिचा राग हळूहळू परत आला, पण या वेळी त्याला जायला दुसरं कुणी नव्हतं.

चार वाजले तेव्हा तिनं चष्मा काढला, काटा बघितला आणि वही उघडली.

कांडी तीन मायक्रॉन लांबली होती. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. लांबायला हवी तेवढीच, बरोबर.